आभाळाला हात न लावता

डिजिटल चित्रकाराला रंग मिळतात 1,67,77,216. लाल, हिरवा, निळा या तिघांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, त्यांचा हा गुणाकार. आषाढातली गोव्याची मांडवी नदी रंगवायला बसलं की एवढ्या जत्रेतून आपल्याला हवा असतो फक्त एक करडा, आणि नेमका तोच गर्दीत हरवलेला असतो.

छळ सुरू होतो कोऱ्या कॅनव्हासपासून. पांढऱ्यावर ठेवलेला कुठलाही रंग काळपट वाटतो, म्हणून हात आपोआप भडक रंगाकडे जातो. तेव्हा आधी सगळा कॅनव्हास मध्यम करड्याने भरून टाकावा (ब्राइटनेस, म्हणजे उजळपणा, शंभरात 50; सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा नव्हे तर भडकपणा, शून्याच्या आसपास) आणि मगच आभाळाकडे बघावं.

पुढचा प्रश्न हिरव्याचा. गोवा म्हटलं की कलर पिकरमध्ये, म्हणजे रंग निवडायच्या चौकटीत, बोट थेट ह्यू 120 वर पडतं (ह्यू म्हणजे 360 अंशांच्या रंगचक्रावरची जागा). हा शुद्ध हिरवा कुळागरात, आपल्या पोफळीच्या बागेत, शोधून सापडायचा नाही. तो लावलात की चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) प्लास्टिकची पानं बांधल्यासारखं दिसतं. जवळच्या झाडीला ह्यू 80 ते 90, सॅच्युरेशन 50, ब्राइटनेस 35 पुरे. मधल्या टेकडीला ह्यू 140, सॅच्युरेशन 28, ब्राइटनेस 50. मागे सत्तरीकडचा सह्याद्री हवा असेल तर ह्यू 210, सॅच्युरेशन 15, ब्राइटनेस 70. म्हणजे जसजसे दूर जाल तसा रंग निळा, फिका आणि उजळ. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून हे होतं. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी 1871 मध्येच त्याचा हिशेब मांडून ठेवलाय. मात्र हे आकडे डिसेंबरचे. पावसाळ्यात हवेतले पाण्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून त्याच डोंगराचं सॅच्युरेशन 6-7 वर आणावं लागतं. मग घरातून विचारणा होतेच, ‘अरे, डोंगर रंगवायचा राहिला काय?’

खरा घोळ मात्र शेजाऱ्यांमुळे होतो. चिऱ्याच्या तांबड्या भिंतीला लागून अगदी निर्दोष, तटस्थ करडं आभाळ ठेवा. ते हिरवट-निळं दिसायला लागतं. डोळा तांबड्याचा विरोधी रंग शेजारच्याच्या माथी मारतो. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात काळ्या रंगाविरुद्ध तक्रारी येत; तिथले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपास केला तर रंग बरा होता, शेजारचे धागे त्याला बिघडवत होते. 1839 मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच काढला. आपल्यापुरता उपाय छोटा आहे: करड्यात ह्यू 20 चा, सॅच्युरेशन 4-5 इतकाच तांबूसपणा मिसळायचा. कलर पिकरमध्ये तो रंग मळकट दिसतो, पण भिंतीशेजारी बसला की शहाण्यासारखा करडा होतो.

आता ग्रेडियंट, म्हणजे एका छटेतून दुसरीत हळूहळू सरकणारा रंग. ब्राइटनेस 85 पासून 92 पर्यंतचं आभाळ 2000 पिक्सेलवर पसरवलं तर 8-बिट फाइलमध्ये (त्याच 256 पायऱ्यांच्या) जेमतेम 18 छटा निघतात, आणि आभाळात 110-110 पिक्सेलचे पट्टे पडतात. काम 16-बिटमध्ये करा, तिथे पायऱ्या कितीतरी जास्त; शेवटी 1-2 टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाका. एवढं करून चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर पट्टे परत हजर. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. समोरच्याच्या मोबाइलवर रात्रीचा पिवळा प्रकाश चालू असेल तर त्याला आपला इलाज नाही.

रंगांबद्दल शंका आली की सगळ्यात वर एक लेयर (थर) घ्यायचा, काळ्याने भरायचा, ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) ‘कलर’. चित्र कृष्णधवल होतं. डोंगर आणि आभाळ एकमेकांत मिसळून गेले तर ह्यू बदलत बसू नका, ब्राइटनेसमध्ये अंतर पाडा.

आणि शेवटी गिऱ्हाईक. ‘सगळं बरं आहे हो, पण आभाळ जरा उठवा.’ इथे आभाळ उजळवलंत की ते कागदासारखं पांढरं पडतं. त्याऐवजी पुढच्या माडांचा ब्राइटनेस 8-10 ने उतरवायचा आणि फाइल परत पाठवायची. ‘बघा, आता कसं लख्ख दिसतं आभाळ! आधीच करायचं होतं की!’