कंपनीच्या रेडिओला ऑक्स: सिग्नल नंतर, ग्राउंड आधी

गाडीतला कंपनीचा रेडिओ ठणठणीत आहे, आवाज चांगला आहे, डॅशबोर्डमध्ये चपखल बसलाय, आणि केवळ मोबाइल जोडता येत नाही म्हणून तो उचकटून तिथे लखलखता टचस्क्रीन बसवायचा, हे मला अजिबात पटत नाही. जुन्या कॅसेट किंवा सीडीवाल्या रेडिओतला ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा नव्या स्वस्त युनिटपेक्षा सरस असतात. त्यांना हवी असते फक्त एक वाट, बाहेरचा आवाज आत न्यायला. तिलाच ऑक्स म्हणतात. ही वाट तीन तारांची: डावा, उजवा आणि ग्राउंड, म्हणजे दोन्ही सिग्नलची परतीची सामाईक तार. सगळ्यांचं लक्ष पहिल्या दोन तारांकडे असतं आणि काम बिघडतं ते तिसऱ्या तारेमुळे.

आधी सोपे पर्याय. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर ही तडजोड आहे, उपाय नव्हे. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, आणि शहरात मोकळी फ्रिक्वेन्सी शोधेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनच्या हद्दीत पोचते. कॅसेट अ‍ॅडॉप्टर त्यापेक्षा बरा. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये मात्र तो सारखा बाजू पालटतो किंवा बाहेर फेकला जातो, कारण डेकला रीळ फिरताना जाणवत नाही. महिनाभरासाठी घेतलेल्या गाडीला हे दोन्ही चालतील. स्वतःच्या गाडीत नीट तार ओढावी.

रेडिओ उघडण्याआधी त्याची पाठ बघा. आयएसओ पद्धतीच्या कनेक्टरमध्ये ए भाग वीजपुरवठ्याचा, बी स्पीकरचा आणि छोटा सी भाग तीन तुकड्यांचा असतो. सी-३ हा तुकडा सीडी चेंजरसाठी, म्हणजे अनेक सीडी ठेवून बदलणाऱ्या वेगळ्या खोक्यासाठी. नेहमीच्या मांडणीत १८ नंबरला ऑडिओ ग्राउंड, १९ ला डावा, २० ला उजवा. १३ ते १५ वर डेटाच्या तारा, १६ आणि १७ वर १२ व्होल्ट. कंपनीगणिक यात फरक पडतो, म्हणून आपल्या मॉडेलचा पिनचा नकाशा मिळाल्याशिवाय काही जोडू नका. १७ आणि १८ शेजारी आहेत. एक पिन चुकली की मोबाइलच्या ऑडिओ आउटपुटवर १२ व्होल्ट जातात आणि मोबाइलचा तो भाग कायमचा गेलाच समजा.

१८, १९, २० ला तारा जोडल्या की झालं, असं वाटतं खरं. पण बहुतेक रेडिओ चेंजरशी डेटाच्या तारांवरून बोलल्याशिवाय ते इनपुट उघडतच नाहीत. चेंजरचं उत्तर आलं नाही की डिस्प्लेवर सीडीचा पर्यायच दिसत नाही. त्यासाठी एम्युलेटर मिळतो. तो ‘मी चेंजर आहे आणि गाणं चालू आहे’ असं रेडिओला सांगत राहतो. काही रेडिओत ऑक्स मुळातच असतो, फक्त सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो आणि डायग्नोस्टिक टूलने चालू करता येतो. हे आधी तपासा. पाच मिनिटांच्या कामासाठी सोल्डरिंग आयर्न तापवण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या रेडिओला पाठीमागे काहीच नाही, त्यांच्यासाठी खरं काम पुढे आहे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना, बघा. नाहीतर जोडणी उत्तम आणि रेडिओ कुलूपबंद अशी अवस्था होते. डॅशबोर्डमागच्या पिवळ्या वेष्टनातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. रेडिओ टेबलावर आणून १२ व्होल्टच्या, करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवर चालवा. मर्यादा २ अँपिअर ठेवा आणि आवाज कमी ठेवून तपासा. एखादा लहान स्पीकर जोडा, पण त्याची निगेटिव्ह तार ग्राउंडला मुळीच लावू नका. या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्म्याएवढे व्होल्ट असतात. एक तार ग्राउंडला टेकली की शॉर्ट.

आता बोर्डवर शोधायची ती आवाज, बास, ट्रेबल सांभाळणारी आयसी (चिप). ट्यूनर आणि मागच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या अधेमध्ये ती सापडते. टीडीए ७३१३, तिचा भाऊ पीटी २३१३, टीडीए ७३१८, टीईए ६३२० ही नेहमीची मंडळी. नंबर वाचा, डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) उतरवा, इनपुटच्या पिना शोधा. टीडीए ७३१३ ला तीन स्टिरिओ इनपुट असतात, ७३१८ ला चार. एखादं इनपुट रिकामं दिसलं की लोकांना हर्ष होतो, पण तो टिकत नाही. कुठलं इनपुट निवडायचं हे रेडिओचा मुख्य प्रोसेसर ठरवतो, आणि रिकाम्या इनपुटची त्याला माहितीच नसते. म्हणून प्रोसेसरला ठाऊक असलेलं इनपुट ताब्यात घ्यावं लागतं, म्हणजे कॅसेटचं किंवा सीडीचं.

ट्यूनरचं इनपुट का नको? एक तर स्टेशन शोधताना रेडिओ आवाज बंद करतो. दुसरं, टीडीए ७४०७ सारख्या आयसीत स्टिरिओ डिकोडर आतच असतो. तिथे ट्यूनरकडून एकच संमिश्र सिग्नल येतो, डावा-उजवा वेगळे मिळतच नाहीत. कॅसेटचं इनपुट सगळ्यात सोयीचं. मात्र हेडच्या तारांवर चुकूनही सिग्नल देऊ नका. हेडचा सिग्नल मिलिव्होल्टच्याही खाली असतो आणि त्यापुढचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर बास मुद्दाम वाढवतो. तिथे मोबाइल जोडला तर फाटलेला, घुमणारा आवाज येईल. प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि डॉल्बीची (फितीची खरखर कमी करणारी) आयसी असेल तर तिच्याही पुढे, थेट आवाजाच्या आयसीच्या तोंडाशी जायचं.

त्या तोंडाशी प्रत्येक चॅनलला एक कपलिंग कपॅसिटर असतो, जो आवाज पुढे जाऊ देतो आणि स्थिर व्होल्ट (डीसी) अडवतो. हीच सगळ्यात चांगली जागा. आयसीच्या पिनेवर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्ट असतात, म्हणजे ९ व्होल्टवर चालणाऱ्या आयसीत ४ च्या आसपास. मोबाइल थेट पिनेला जोडला तर आयसीचं हे संतुलन बिघडतं, आणि एक चॅनल चिरका किंवा मुका होतो. कपॅसिटरचं प्रीअ‍ॅम्प्लिफायरकडचं टोक उचला आणि त्या टोकाला आपली तार जोडा. कंपनीने दिलेला कपॅसिटर आयता मिळाला, पिनेवर सोल्डर सांडायची भीतीही गेली. २५ वॉटची बारीक टोकाची आयर्न आणि भरपूर फ्लक्स पुरतो.

कपॅसिटर स्वतः घालायची वेळ आली तर मूल्य हिशेबाने घ्या. इनपुटचा रोध ५० किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडला आवाज ३२ हर्ट्झखाली उतरू लागतो, चालून जाईल. पण रोध १० किलोओहम असेल तर तोच कपॅसिटर १५९ हर्ट्झपासूनच बास खातो, आणि मग ‘ऑक्सवर आवाज पातळ येतो’ ही तक्रार. १ मायक्रोफॅरडचा फिल्म किंवा २.२ चा इलेक्ट्रोलिटिक बसवा, प्रश्न मिटला. इलेक्ट्रोलिटिकची प्लस बाजू आयसीकडे.

मोबाइलची तार खोचायचा जॅक पाच टोकांचा, स्विचवाला घ्या. प्लग आत नसताना कॅसेटचा सिग्नल जॅकमधल्या स्विचमधून आयसीकडे जातो, प्लग खोचला की तो तुटतो आणि मोबाइल जोडला जातो. दोन सिग्नल एकाच ठिकाणी नुसते बांधू नका. प्रीअ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट मोबाइलच्या आउटपुटला खाली ओढतं, आवाज दबतो आणि फाटतो. प्लग खोचताना ‘फट्’ होत असेल तर ते स्विचवर साठलेल्या डीसीमुळे. प्रत्येक चॅनलला ग्राउंडकडे १०० किलोओहमचा रोध टाकला की जातं. प्लगचं टोक डावं, मधली कडी उजवी, मागचा भाग ग्राउंड.

रेडिओला मात्र कॅसेट चालू आहे असंच वाटायला हवं. एखाद्या जुन्या कॅसेटमधली फीत काढून टाका, चक्र्या तशाच राहू द्या. डेक चक्री फिरवत राहतो, ती मोकळी फिरते, आणि डेक थांबत नाही. सीडीच्या बाबतीत कोरा ट्रॅक लिहिलेली सीडी लावतात. काही प्लेअर शुद्ध शून्य ओळखून आवाजाची वाटच बंद करतात, आणि ते म्यूट आपल्या जोडाच्या पुढे असेल तर मोबाइलही गप्प. म्हणून त्या ट्रॅकवर कानाला न लागणारी अगदी क्षीण खरखर भरावी. सीडीच्या इनपुटला आणखी एक खोच असते: काही आयसीत त्याला स्वतःची वेगळी ग्राउंड पिन असते. डावा-उजवा हलवला आणि ती पिन तशीच सीडीकडे ठेवली, की घरघर सुरू. ती पिनही त्याच्या कपॅसिटरसकट आपल्या ग्राउंडला जोडावी लागते.

तर आता ग्राउंड. जॅकची ग्राउंड तार आवाजाच्या आयसीजवळच्या ऑडिओ ग्राउंडला जायला हवी. रेडिओच्या पत्र्याला नाही, डॅशबोर्डच्या बोल्टला तर नाहीच नाही. गाडीच्या बॉडीतून हेडलाइट, ब्लोअर, अल्टरनेटर सगळ्यांचा करंट परततो, त्यामुळे बॉडीच्या दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक कायम असतो. तो ऑडिओच्या वाटेत शिरला की ऐकू येतोच. म्हणूनच धातूचा जॅक डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीत कसायचा नाही. प्लास्टिकचा जॅक घ्या. तार दोन कोअरची शिल्डेड, दीड मीटरच्या आत, आणि पुरवठ्याच्या जाड तारांना समांतर न नेता शक्य तिथे आडवी ओलांडून.

एवढं करूनही एक तक्रार उरते: मोबाइल चार्जिंगला लावला की इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारी शिट्टी. बॅटरीवर मोबाइल चालवला की गायब. यात रेडिओचा दोष नाही आणि जोडणीचाही नाही. चार्जरचं ग्राउंड आणि ऑक्सचं ग्राउंड मिळून एक वळसा तयार झालाय. वायरिंग पुन्हा पुन्हा उसवत बसू नका. ऑक्सच्या तारेत १:१ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला; तो सिग्नल जाऊ देतो, पण दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवतो. अगदी चिमुकले आयसोलेटर बास गिळतात, कारण छोटा गाभा खालच्या फ्रिक्वेन्सीला पुरत नाही. जरा मोठा घ्या.

आता कित्येक मोबाइलना जॅकच नाही, म्हणून आत ब्लूटूथ मॉड्यूल बसवण्याकडे कल आहे. कल्पना उत्तम. पण मॉड्यूलचं डिजिटल ग्राउंड आणि ऑडिओ ग्राउंड एकच असेल तर गाण्यांच्या मध्ये टिकटिक, किरकिर ऐकू येते. मॉड्यूलला ५ व्होल्ट बी ०५०५ एस सारख्या आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून द्या. १ वॉटचा असा कन्व्हर्टर २०० मिलिअँपिअर देतो, साध्या मॉड्यूलला पुरे. त्याआधी १२ चे ५ करायला ७८०५ ही व्होल्टेज रेग्युलेटर आयसी चालते, १४.४ व्होल्टवर १०० मिलिअँपिअर ओढले तर तिच्यात जवळपास १ वॉट उष्णता होते, म्हणून छोटं हीटसिंक हवं. पुरवठा चावीबरोबर बंद होणाऱ्या तारेवरून घ्या, १ अँपिअरचा फ्यूज घालून. कायम चालू तारेवरून घेतला तर गाडी उभी असताना मॉड्यूल रात्रंदिवस बॅटरी पीत राहील.

ज्या गाड्यांत ध्वनी फायबरच्या जाळ्यातून डिजिटल रूपात फिरतो, त्यांच्या नादी लागू नका. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून ही ‘मोस्ट’ (MOST) नावाची पद्धत गाड्यांत आली. तिथे सोल्डरिंगपेक्षा त्या जाळ्यात बसणारा तयार इंटरफेस घ्यावा.

मोबाइलचा आवाज ८०–९० टक्क्यांवर ठेवून बाकीचा रेडिओवरून कमीजास्त करा. मोबाइल कमी आणि रेडिओ जास्त केला की खरखर वाढते. उलट ८० टक्क्यांवरच फाटत असेल तर कॅसेटच्या इनपुटची अपेक्षा कमी सिग्नलची आहे; मालिकेत १० किलोओहम आणि ग्राउंडकडे ४.७ किलोओहम टाकले की सिग्नल एक तृतीयांशावर येतो.

रेडिओ डॅशबोर्डमध्ये परत कसण्याआधी, तारा लोंबत असतानाच, इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकेक लावा, चार्जर जोडा, आणि गाणं थांबवून आवाज पूर्ण वर करून ऐका. मग प्लग काढून कॅसेट आणि रेडिओ पहिल्यासारखे वाजतात का तेही बघा. क्लिपा त्यानंतर दाबा.