ओ-थ्री लावलं म्हणून लूप समांतर होत नाही

सी आणि सी++ शिकणाऱ्यांत एक पोस्ट अधूनमधून फिरते. तिचं म्हणणं असं: ओ-थ्री हा कोड वेगवान करण्याचा पर्याय दिला की कंपायलर लूप सगळ्या कोअरवर वाटून टाकतो, लूपमध्ये ए[आय-१] किंवा ए[आय+१] दिसलं की डिपेंडन्सी (एका फेरीचं दुसऱ्या फेरीवर अवलंबून असणं) आली, तिथे काही होणे नाही, आणि कंपायलर अडलाच तर वर ओपनएमपीचा प्रॅग्मा (लूप समांतर चालवायला सांगणारी ओळ) टाका, काम फत्ते.

पहिलं साफ चूक. जीसीसी या कंपायलरमध्ये ओ-थ्री लूपचं व्हेक्टरायझेशन करतो, म्हणजे एकाच कोअरवर एका इन्स्ट्रक्शनमध्ये चार-आठ आकडे उरकतो. थ्रेड, म्हणजे वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे, पाडायला वेगळा पर्याय द्यावा लागतो.

दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. ॲरेत ५, ०, ०, ०, ० आहेत आणि लूप म्हणतो ए[आय] = ए[आय-१]. ओळीने चालवलं तर पाचही जागी ५ येतात. चार आकडे एकदम वाचून एकदम लिहिले तर येतं ५, ५, ०, ०, ०. इथे कंपायलर नकार देतो ते बरोबरच. पण ए[आय] = ए[आय+१] मध्ये जुनीच किंमत हवी असते; आधी वाचून मग लिहिलं की उत्तर जसंच्या तसं, त्यामुळे हा लूप व्हेक्टर होतो. ए[आय-४] असेल तर अंतर चारचं, चार-चारचा गठ्ठा चालतो, आठचा नाही. आणि ए[२आय] मध्ये लिहून ए[२आय+१] मधून वाचत असाल तर सम आणि विषम जागा कधी भेटतच नाहीत. कंपायलर हे मसाविने ओळखतो: दोन्हीकडे आयचा गुणक २, म्हणून मसावि २; जागांतला फरक १; २ ने १ ला भाग जात नाही, विषय संपला. तेव्हा डिपेंडन्सी आहे का एवढंच विचारून भागत नाही, दिशा आणि अंतरही बघावं लागतं.

तिसऱ्या सल्ल्याने तर प्रोग्रामची वाट लागते. लूप सुरक्षित आहे का हे ओपनएमपीत प्रोग्रामरने बघायचं असतं, कंपायलर ते तपासायला बांधील नाही. वरचा ए[आय+१] वाला लूप व्हेक्टर म्हणून बिनधोक, पण थ्रेडमध्ये वाटला की तुकड्यांच्या सीमेवर शेजारच्या थ्रेडने किंमत आधीच बदललेली असू शकते. एरर येत नाही, फक्त उत्तर कधीतरी चुकतं. (टेस्टिंगमध्ये हमखास बरोबर येतं, हे वेगळं सांगायला नको.)

कंपायलर अडतो तेव्हा कारण बरेचदा साधं असतं: दोन पॉइंटर एकाच मेमरीकडे बोट दाखवत असतील ही शंका. कधी तो रनटाइमला तपासणी घालून पुढे जातो, कधी सोडून देतो. सी९९ (सीचं १९९९ चं प्रमाण) पासून त्यासाठी रिस्ट्रिक्ट आहे; या पॉइंटरची मेमरी दुसरा कोणी वापरत नाही, असं प्रोग्रामर त्यातून कंपायलरला सांगतो. फ्लोटची बेरीज असेल तर क्रम बदलल्याने राउंडिंग बदलतं, म्हणूनही तो हात लावत नाही. जीसीसीला ‘एफ-ऑप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड’ द्या, कुठल्या ओळीवर आणि का अडलं ते तो स्वतःच लिहून देतो.