थर्मोस्टॅट काढून पिकअप थंड होत नाही

‘जुनी पिकअप तापतेय? थर्मोस्टॅट काढून फेका, कूलंट सोडा, साधं पाणी घाला. घाटात तापली तर लगेच इंजिन बंद करून वरून पाणी ओता. तरी तापली तर हेड गेलं समजा.’ हा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. चार सल्ल्यांपैकी एकातच थोडंफार तथ्य आहे.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, हे खरं. पण मग नवीन घालायचा, जागा रिकामी ठेवायची नाही. पाणी साधारण ८२ अंशांवर गेलं की तो उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. बऱ्याच इंजिनांत त्याच्या खालच्या अंगाला एक चकती असते. वरची रेडिएटरकडची वाट उघडली की ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट दाबून धरते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा. मग तापलेल्या पाण्यातलं बरंचसं रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात. रिकामी गाडी कागलपर्यंत नेली तर काटा खालीच राहतो आणि मेसेज पाठवणारा खूश होतो. तीच गाडी कोकणातून माल भरून करूळ घाट चढायला लागली की कळतं. शिवाय सपाटीला इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जादा जातं, रिंगा-लायनर झिजतात ते वेगळंच.

शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅस पेटवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो हलला पाहिजे. पाणी खळखळ उकळलं तरी ढिम्म असेल तर भंगारात.

साध्या पाण्याबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. उष्णता वाहून न्यायला पाणी कूलंटपेक्षा सरसच. पण ते गंज थांबवत नाही आणि लवकर उकळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथं उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरची टोपी दाब धरून ठेवते म्हणून गाडीत ते होत नाही. टोपीचं रबर कडक झालं, चिरलं की दाब जातो आणि सगळं उलटून बाहेर. एवढा स्वस्त भाग, पण बघतो कोण? आणि शिरोळकडचं बोअरचं खारट पाणी वर्षभर घातलंत, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसणारच.

घाटात इंजिन लगेच बंद करायचं का? पाणी गळत नसेल, वाफ येत नसेल, तर बाजूला घ्या, न्यूट्रलला चालू ठेवा. पंप आणि पंखा फिरत राहतात. वाफ दिसली किंवा काटा लालमध्ये टेकला तर मात्र बंदच करा. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या धातूच्या झाकणावर, गार पाणी ओतलं तर ते तडकू शकतं आणि गरम टोपी उघडली तर तोंड भाजतं.

‘हेड गेलं’ म्हणण्याआधी गाडी कधी तापते ते बघा. दसरा चौकात सिग्नलला उभी असताना तापते, रस्त्याला लागली की उतरते? मग पंखा, त्याचा क्लच, ढिला बेल्ट. फक्त चढाला, लोडवर तापते? मग रेडिएटर. उसाच्या वाहतुकीतल्या गाडीच्या जाळीत पाचटाचा भुसा आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा बसतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी मारा. खालचा होस पाइपही बघा: मऊ पडलेला पाइप रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो.

हेडची परीक्षा थंड इंजिनावर. टोपी काढून स्टार्ट करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, टोपी लावून थंड इंजिन स्टार्ट केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होस दगडासारखा टणक झाला किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर हेड उतरवा. उद्यमनगरात फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट, करून मिळेल.