पत्रक वाचून नाही, हप्ते भरून लिहिलंय

छोट्या उद्योगांच्या बिनतारण कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या सरकारी योजनेवर मी मागचा लेख लिहिला होता. त्यावर ‘भोसरीकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. चारच वाक्यं: "पत्रकं वाचून लेख पाडणाऱ्यांनी आधी हाताला कूलंट लागू द्यावं. सीजीटीएमएसईची हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. मर्यादाही पाच कोटी नाही, दहा आहे. आणि शाखेत आजही तारण मागतातच."

आधी माझी चूक. १ एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा दहा कोटी झाली. मी जुना आकडा दिला होता, तो लेखात दुरुस्त केला आहे. आभार.

आता ते पहिलं वाक्य. लेख ‘पाडणारे’ म्हणजे कोण हो? माझे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये तीस वर्षं लेथवर उभे राहिले. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि मशीनखालची बर, म्हणजे धातूचा कीस, गोळा करत बसायचो. पुढे आयटीआयला टर्नर केलं. कूलंटचं, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याचं, म्हणाल तर माझ्या बोटांच्या बेचक्यांत अजून पुरळ उठतं, घरी येऊन बघा. तुम्ही मला ओळखत नाही. न ओळखता असं लिहायला तुम्हाला काही वाटलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

२०११ साली मला व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घ्यायचं होतं. फाउंड्र्यांकडून पंपाच्या केसिंगचं जॉबवर्क समोर होतं, ड्रॉइंग हातात होतं, मशीन नव्हतं. शेड भाड्याची, गावची जमीन चार चुलत्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर. एका बँकेने कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळं ठेवून घेतलं आणि दोन महिन्यांनी "घराची कागदपत्रं आणा" म्हणून फाइल परत दिली. घर होतं कुठे? दुसऱ्या शाखेतल्या साहेबांनी तीच फाइल या योजनेत बसवली. अठ्ठावीस लाखांचं टर्म लोन, तारण शून्य. मशीन बसलं त्या दिवशी नारळ वडिलांच्या हातून फोडला. हमीचं शुल्क मी भरलं, हप्ते मी भरले, मंदीत बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भरले, पण एकही थकवला नाही. हे कुठल्या पत्रकात छापलेलं असतं ते मला सांगा.

हमी बँकेला असते हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. कर्ज बुडालं तर पंचाहत्तर टक्के नुकसान ट्रस्ट सोसणार, एवढ्या आधारावरच त्या साहेबांनी सही केली. केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २००० साली हा ट्रस्ट काढला तो यासाठीच. हातात कसब आहे पण नावावर गुंठाभरही जागा नाही, अशा माणसाला बँकेच्या दारात उभं राहता यावं म्हणून.

राहिला तारणाचा मुद्दा. हमीखालच्या रकमेवर तारण घ्यायचं नाही, हा योजनेचाच नियम आहे. एखादी शाखा तो पाळत नसेल तर त्या शाखेशी भांडा, माझ्याशी कशाला?

मी माझं नाव, गाव लावून लिहितो. पुढच्या वेळी तुम्हीही लावा. आणि कधी शिरोलीकडे आलात तर शेडवर या. ते व्हीएमसी आजही दोन पाळ्यांत चालतं.