पात्यावरचे डाग आणि हलणारी मूठ: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये आमच्याकडून घेतलेल्या कताना तलवारीला आपण दोन तारे दिले आहेत. तीन महिन्यांत पात्यावर गंजाचे डाग पडले, धारेलगतची लाट छायाचित्राइतकी ठळक नाही आणि मूठ हलते, तेव्हा 'हाताने घडवलेली' हा आमचा दावा खोटा आहे, असे आपण लिहिले आहे. यांतली सर्वांत गंभीर तक्रार मुठीची असल्यामुळे आधी तिच्याविषयी लिहितो.

मूठ हलते, ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. पात्याचे मुठीत शिरणारे टोक बांबूच्या एका खुंटीने धरलेले असते. जपानी भाषेत तिला मेकुगी म्हणतात. ती सैल असेल तर वार करताना पाते मुठीतून निसटू शकते, म्हणूनच सरावापूर्वी दर वेळी ती तपासण्याची रीत आहे. तलवार पाठवण्याआधी हे आम्ही करायला हवे होते. नवी खुंटी घट्ट बसवून देईपर्यंत कृपया तलवार उपसून फिरवू नका. जाण्यायेण्याचा सर्व खर्च आमचा राहील.

लाटेच्या बाबतीत मात्र मी माझ्या कारागिरांच्या बाजूने उभा आहे. ही तलवार जपानी पद्धतीची असली तरी चीनच्या झेजियांग प्रांतातील लोंगछुआन येथे घडली आहे आणि आमच्या माहितीतही तसेच लिहिले आहे. सुमारे १ टक्का कार्बन असलेल्या टी-१० पोलादाच्या पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवतात. पातळ लेपाची धार झटकन निवून कठीण होते, जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते, आणि या दोहोंच्या सीमेवर जी रेषा उमटते तीच हामोन, म्हणजे आपण म्हणता ती लाट. तेथील भट्टीपाशी उभा राहून मी हे पाहिले आहे. पाण्यात शिरताच पाते क्षणभर धारेकडे झुकते आणि मग पाठीकडे वळून आपला बाक घेते. कधी याच वेळी 'टण्' असा आवाज येतो आणि कित्येक दिवसांची मेहनत एका तड्याने वाया जाते. आपल्या पात्याने ते पाणी सोसले आहे. खोलीत एकच दिवा ठेवून पाते त्याच्या दिशेने धरा आणि हळूहळू कलवा, म्हणजे प्रकाशाच्या कडेला धुक्यासारखी पांढरी रेघ सरकताना दिसेल. आम्लाने काढलेली नकली लाट कोणत्याही कोनातून जवळपास सारखीच दिसते. आमचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात घेतले होते, हे तेथे नमूद करायला हवे होते. आता तशी ओळ घातली आहे.

आता गंज. आपण जोडलेले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. डाग पात्यावर विखुरलेले नाहीत. मधोमध एका वर्तुळात आहेत आणि त्यांच्या कडेला पिवळसर छटा आहे. खंडेनवमीला आपण हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवले असावे, असे मला वाटते. आमच्याही घरी शस्त्रपूजा होते, ती करू नका असे मी कधीच म्हणणार नाही. पण ओले हळदकुंकू आणि फुलाचा ओलावा कार्बन पोलादावर रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. हळदकुंकू मुठीला किंवा म्यानाला लावावे. पात्यालाच लावायचे असेल तर आरती होताच पुसून तेल लावावे. बोटांच्या घामातल्या मिठानेही हेच होते. महिन्यातून एकदा, आणि येथल्या दमट उन्हाळ्यात दर पंधरवड्याला, जुने तेल मऊ कागदाने पाठीच्या बाजूने धरून टोकाकडे पुसून काढावे आणि लवंगेचा वास असलेल्या चोजी तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तलवार आडवी, धार वर करून, शक्यतो तळघराबाहेर ठेवावी. आमच्या पत्रकात 'नियमित तेल लावावे' एवढेच होते, हा दोष माझा आहे.

या डागांवर घरी सँडपेपर किंवा भांड्यांची घासणी कृपया लावू नका. त्याने हामोनवरची झिलईही जाईल. मूठ दुरुस्तीला येईल तेव्हा आमचे झिलईकाम करणारे कारागीर डाग दगडाने उतरवतील, त्याचे पैसे घेणार नाही. पाठवण्यापूर्वी पाते तेल लावून म्यानात ठेवा आणि मूठ म्यानाला दोरीने बांधा.

आपला,
दुकानमालक, एडिसन, न्यू जर्सी