विमानातील जेवण आणि घरची दशमी : एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

हैदराबादच्या सुट्टीच्या प्रवासात विमानातील जेवण मागवू नये, घरून दशम्या न्याव्यात, या माझ्या सूचनेवर आपण लिहिले आहे की हौसेच्या प्रवासात अशी काटकसर शोभत नाही आणि विमानात डबा उघडणे गावंढळपणाचे दिसते.

पैशांचा मुद्दा माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. बीड किंवा अंबाजोगाईकडचे कुटुंब छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठण्यासाठी तीन-चार तास आधी घर सोडते, त्यानंतर तपासणी आणि प्रतीक्षा यांत आणखी दीड-दोन तास जातात. म्हणजे मुलांना भूक लागते ती विमानात बसण्यापूर्वीच. विमान तास-सव्वा तासात हैदराबादला उतरते. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी समोरचे टेबल बंद ठेवावे लागते, त्यामुळे वाढण्या-खाण्यासाठी जेमतेम अर्धा तास उरतो, आणि जेवणाची ढकलगाडी मागच्या रांगांपर्यंत येते तेव्हा घास घाईने गिळावे लागतात.

चवीचेही तसेच आहे. उंचीवर असताना विमानातील हवेचा दाब सुमारे 6,000 ते 8,000 फूट उंचीवरील हवेइतका ठेवतात, हवेतील आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली जाते, नाक कोरडे पडते आणि वास कमी जाणवतो. जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने लुफ्तान्सा या विमान कंपनीसाठी केलेल्या प्रयोगांत अशा हवेत मीठ आणि साखर यांची जाणीव मंदावते, असे आढळले होते. त्यातच हे जेवण जमिनीवर शिजवून, थंड करून, विमानात फक्त पुन्हा गरम केलेले असते. स्वयंपाक करणाऱ्यांचा यात दोष नाही. परंतु ताज्या जेवणाची अपेक्षा तेथे ठेवणे व्यर्थ आहे. याउलट दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी मुळात प्रवासासाठीच केली जाते, ती गार झाली तरी मऊ राहते, आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीतील लसूण व तिखट मंदावलेल्या जिभेलाही जाणवते. (शेजारच्या प्रवाशाला शेंगदाण्याची अॅलर्जी असल्यास मात्र चटणी बाहेर काढू नये. तेल सुटणारे लोणचे तपासणीत अडकू शकते, म्हणून तेही नको.)

आपल्या दुसऱ्या आक्षेपाने मला खरोखर वाईट वाटले. पहिल्यांदा विमानात बसलेली आपल्याकडची वडीलधारी माणसे लोक काय म्हणतील या भीतीने पिशवीतला डबा पिशवीतच ठेवतात आणि उपाशी उतरतात. त्यांच्या संकोचाला आपण गावंढळपणाचे नाव द्यावे, हे मला मान्य नाही. कोरडा खाऊ जवळ बाळगण्यास मनाई नाही, सांडलवंड न करता तो खाल्ला तर कोणालाही त्रास होत नाही, आणि ज्वारीच्या मुलखातील माणसाने धपाटे खाण्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

दिल्लीचे विमान जवळपास दोन तास घेते. तेथे ज्यांना गरम जेवण हवे त्यांनी ते तिकिटाबरोबरच नोंदवावे, कारण कमी भाड्याच्या विमानांत ऐनवेळी हवा तो पदार्थ मिळेलच असे नाही. हैदराबादसाठी मात्र मी दशमीच सुचवेन.