टॉवेलला टॉवेलच म्हणा

'एका परिच्छेदात तोच इंग्रजी शब्द दुसऱ्यांदा आला की समानार्थी शब्द टाका' हा इंग्रजी लिहिण्याबद्दलच्या एका लेखातला सल्ला मला पटला नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघतो. आमच्याकडच्या नव्या पोराने कोटेशनमध्ये 'टॉवेल' शब्द सारखा येतोय म्हणून दुसऱ्या ओळीत 'क्लॉथ' आणि तिसऱ्या ओळीत 'नॅपकिन' लिहिलं. लगेच पार्टीचा मेल: नॅपकिनचा रेट वेगळा का नाही दिला? पोरगं हुशार हो, पण शब्दांच्या याद्या पाठ करून आलेलं.

आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट यांचा अर्थ यादीत एकच, 'विचारणे'. पण पहिला जुना इंग्रजी, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिन. गिऱ्हाईकाला 'इंटरॉगेट' केलं तर ते पोलीस चौकीत बसल्यासारखं दचकेल! विरुद्धार्थीचंही तेच. 'लाइट' चादरीच्या उलट काय? वजन बोलत असाल तर हेवी, रंग बोलत असाल तर डार्क. त्यामुळे मी पोरांना सुटा शब्द वहीत उतरवूच देत नाही, अख्खं वाक्य लिहायला लावतो.